आलं का तुह्या बाईचं नवीन?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बाई म्हणजे ट्रेसी चॅपमन, आणि नवीन म्हणजे तिचा नवा अल्बम. तसे सगळेच विचारता. केळीची गाडी भरत असताना विचारता, लग्नाच्या पंगतीत बट्टी कुस्करता कुस्करता विचारता, सावद्याच्या स्टेशनवर कुणाला सोडायला आलो तर तिथेही गाठता. "का रे भो, आलं का तुह्या बाईचं नवीन?" मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच असतो, "मंग वाट काहून पाहतो?"

आजवर मी हसून वेळ मारून नेली. गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात सोयऱ्यांपैकी एक जण चारचौघांत म्हणाले, "तिचं कधीच संपलं, तुमचंच संपत नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला पुढचा घास गिळवेना. म्हणून एकदा नीट सांगतो. पटलं नाही तर राहू द्या, पण निदान पुढच्या वेळी त्या सुरात विचारू नका.

ट्रेसी चॅपमन कोण, हे माझ्या ओळखीच्या माणसाला सांगायची गरज नाही. माझ्यामुळे तुमच्या पोरांनाही ते नाव पाठ आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १९६४ साली जन्मलेली, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी, गिटार घेऊन स्वतःच गाणारी बाई. पहिला अल्बम १९८८चा, आठवा २००८चा. नववा नाही. तुमचं सगळं म्हणणं या 'नाही'वर उभं आहे, आणि मला भांडायचंय तेही तिथेच.

पहिली गोष्ट, तिचं संपलं हे खरं नाही. २०२० साली अमेरिकेतल्या निवडणुकीच्या आदल्या रात्री ती टीव्हीवर येऊन गायली. तिने परवानगी नाकारलेली असताना एका बड्या रॅप गायिकेने तिच्या गाण्यावर आपलं गाणं बेतलं, तेव्हा ती कोर्टात गेली आणि २०२१च्या सुरुवातीला ते प्रकरण साडेचार लाख डॉलरवर मिटलं. रान टाकून दिलेला माणूस बांधासाठी भांडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स नावाच्या गायकाने तिचं 'फास्ट कार' पुन्हा गायलं आणि पस्तीस वर्षांच्या त्या गाण्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या गाण्याचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्कारावर कृष्णवर्णीय गीतकाराचं नाव लागण्याची ती पहिली वेळ. हे सगळं संपलेल्या बाईचं आहे का?

दुसरी गोष्ट, "जुनं आहे ना, तेच ऐक की." ऐकतोच. पण तुम्ही जुनं म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात एकच गाणं असतं, ते गाडीचं. त्या गाण्यातही तुम्हाला गाडीच आठवते. त्यातली मुलगी शाळा सोडते ती बापाला सांभाळायला. आई निघून गेलेली, बाप दारूत बुडालेला, कुणीतरी घरी राहायला हवं म्हणून ती राहते. तिच्या आयुष्यात गाडी नंतर येते. हा भाग ऐकूनही लोकांच्या कानातून निसटतो. माझ्या निसटला नाही, त्याला कारण आहे, ते पुढे सांगतो.

आणि इंग्रजीचंही आत्ताच मिटवतो. हो, मराठी शाळेत शिकलो. हो, मला कळतं. ही बाई शब्द खात नाही. कॅसेटच्या आतल्या कागदावर गाणी छापलेली होती, ती मी हॉस्टेलच्या खोलीत डिक्शनरी घेऊन एकेक ओळ करून वाचली. भजन कळायला कुणी मला व्याकरण विचारत नाही. मग हिच्या गाण्यालाच परीक्षा का?

कॅसेट आली ती भुसावळहून. जळगावला कॉलेजात असताना माझा रूममेट रेल्वे क्वार्टरमधला होता. त्याच्या शेजारचं अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं आणि जाताना एक खोकंभर कॅसेट त्यांच्याकडे ठेवून गेलं. त्याला त्यातलं काही नको होतं. मी वरची उचलली. तपकिरी रंगाचा फोटो, मान खाली घातलेली मुलगी. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेली वाटत होती. सुट्टीत मी ती गावी नेली आणि ती माझी राहिली नाही. ती आमच्या धाकट्याची झाली.

आता जे सांगतोय ते तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही, त्याबद्दल मी त्यांना वाईटही म्हणत नाही आणि चांगलंही.

आमच्या वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकलं की लोक लगेच दारू धरून चालतात. पहाटे उठणारा, देणं वेळेवर देणारा, गावात चार लोक सल्ला विचारायला येतील असा माणूस. बाहेर त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नसेल. पण केळीचा भाव पडला, व्यापाऱ्याने बांधावर येऊन शब्द फिरवला, ऐन पाण्याच्या वेळी मोटर जळाली, की त्याचा हिशेब आईजवळ व्हायचा. मधल्या खोलीत. दार लोटून.

१९९७चा उन्हाळा होता. त्या दिवशी ठरलेला भाव मोडून गाडी निम्म्या दरात गेली होती. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं भाऊ पुढच्या खोलीत खाटेवर, मध्ये वॉकमन, एक बोंड त्याच्या कानात, एक माझ्या. वीज आली-गेली चाललेली, म्हणून सेलवरच ऐकायचो. पहिल्या बाजूचं चौथं गाणं लागलं, 'बिहाइंड द वॉल'. या गाण्यात गिटार नाही, काहीच नाही, नुसता तिचा आवाज. भिंतीपलीकडच्या घरात बाईला मार बसतोय, ओरडणं ऐकू येतंय, पोलीस आले तर उशिरा येतात, आणि आले तरी नवरा-बायकोच्या भांडणात पडत नाहीत. एवढंच गाणं. वाद्य नसल्यामुळे दोन ओळींच्या मध्ये ती थांबते तेव्हा पूर्ण शांतता असते.

त्या शांततेत आमच्या भिंतीचा आवाज आला.

आधी मांडणीवरचं भांडं पडल्याचा. मग दुसरा, जो भांड्याचा नव्हता. आई ओरडायची नाही. तिचा श्वास एकदम आत ओढल्यासारखा यायचा, तेवढाच. पुढची ओळ सुरू झाली, ती थांबली, पुन्हा तो श्वास. आम्ही लहानपणापासून हे ऐकत आलो होतो. ऐकू न येण्याची सवय आम्ही दोघांनी लावून घेतली होती. त्या रात्री ती सवय चालली नाही, कारण गाणं आम्हाला ऐकायलाच बसवत होतं. धाकट्याने कानातलं काढलं. ते खाटेच्या माच्याला आपटलं, तो बारीकसा टक आवाज मला अजून ऐकू येतो. तो उठला, दार ढकललं आणि वडिलांचं मनगट धरलं. मी त्याच्या मागे दारापर्यंत गेलो.

कुणी कुणाला मारलं नाही. धाकट्याने नुसतं धरून ठेवलं. वडील त्याच्याकडे बघत होते, ते रागाने नाही. हा पोरगा कोण, असं बघत होते. आणि आई म्हणाली, "सोड त्यांना." वडिलांना नाही, धाकट्याला म्हणाली. वडिलांनी हात सुटल्यावर एकच वाक्य म्हटलं, "उद्या हा मला घरात दिसायला नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही भुसावळला होतो. सुरत पॅसेंजर. आपल्याकडची निम्मी पोरं त्याच गाडीने गेली आहेत, उधना, लिंबायत, लूमवर, साडी मार्केटात. ठरलं होतं ते दोघांनी जायचं. पुठ्ठ्याची ती छोटी तिकिटं दोन काढली होती. धाकटा खिडकीशी जागा धरून बसला आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली माझ्यासाठी. मी खाली उभा. "चढ ना," तो म्हणाला. मी म्हणालो, "आई?" तो म्हणाला, "आईने कुणाला सोड म्हटलं, ऐकलं ना तू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. गाडी हलली तेव्हा त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली. कॅसेट त्याच्या शर्टाच्या खिशात होती. वॉकमन माझ्या हातात राहिला.

तुम्हाला वाटेल, गाणं ऐकलं आणि घर मोडलं. नाही. घर मोडलेलंच होतं. आणि गाण्याने कुणाला निघून जायलाही सांगितलं नव्हतं. त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिकीट हातात घेऊन निघालेल्या मुलीचं गाणं आहे, पण ते ऐकून माणसं गाड्या पकडत नाहीत. माणसं गाड्या पकडतात कारण घरात दिसायला नको असं त्यांना सांगितलेलं असतं.

नंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. लग्नं, मयती, सातबारा. एकच गोष्ट राहिली. २००० साली तिचा नवीन अल्बम आला तेव्हा शेजाऱ्यांच्या फोनवर त्याचा फोन आला. मी धावत गेलो, काय झालं म्हणून. तो म्हणाला, "आलं." मी म्हटलं, "कसं आहे?" मग आम्ही बोललो, गाण्यांबद्दलच. आईचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, पण फोन ठेवेपर्यंत दोघांनाही कळलेलं होतं की ती बरी आहे. २००२ला तसंच. २००५ला तसंच. २००८ला मोबाइल आले होते, तरी त्याने मेसेज केला नाही, फोनच केला. "आलं."

त्यानंतर आलं नाही.

तर पंगतीत तुम्ही तो शब्द टाकता तेव्हा मला घास का गिळवत नाही, ते आता कळलं असेल. पण इथेच थांबू नका. "म्हणजे तू भावाच्या फोनची वाट पाहतोस," असं म्हणून मोकळे होऊ नका. बायकोही हेच म्हणते. मला भावाला फोन करायला अमेरिकेतली बाई लागत नाही. नंबर आहे, मी लावतो. मला गाणीच हवी आहेत, आणि कोणती हवी आहेत तेही मला नेमकं माहीत आहे.

वडिलांना शेवटी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. ज्या हाताचा धाक होता तो हात माझ्या मांडीवर घेऊन मी त्याची नखं कापली आहेत. त्या नखांखाली केळीच्या चिकाचे काळे डाग होते, किती घासले तरी निघत नव्हते. आई त्यांना चमच्याने पेज भरवायची आणि ओठांच्या कडेचं पदराने पुसायची, आणि तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मला वाचता यायचं नाही. दया नव्हती. सूडही नव्हता. मी त्या काळात ट्रेसीचे आठही अल्बम पुन्हा पुन्हा ऐकले, कारण मला कुणीतरी हे म्हटलेलं हवं होतं. पंचविशीच्या आतबाहेर असताना जिने बापासाठी घरी राहिलेली मुलगी लिहिली, ती साठीत त्या मुलीबद्दल काय म्हणेल? बाप गेल्यावर त्या मुलीचं काय झालं? ती सुटली की रिकामी झाली? हे दुसऱ्या कुणी लिहून चालणार नाही. तिनेच सुरू केलंय.

म्हणून "जुनं ऐक" हे मला चालत नाही. जुनं मला विशीत पुरलं. आता मी पन्नाशी ओलांडली आणि ती साठी.

मधली काही वर्षं मी तिच्यावर रागावलो होतो. ऐकणाऱ्यांनी हिला घडवलं आणि ही दार लावून बसली, असं मी तेव्हा बोलायचो, जोरात बोलायचो. आज तसं बोलत नाही, कारण ती काही कुणाचं देणं लागत नाही. पहिल्या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले, तेव्हाच ती चोवीस-पंचवीसची होती. पुढे किती गायचं हा तिचा प्रश्न. पण खरं सांगू? तो रागावलेला मी पूर्ण चूक होता असं मला अजूनही वाटत नाही. एखादी गोष्ट अर्ध्यावर सांगून उठलेल्या माणसाला "पुढे काय?" विचारायचा ऐकणाऱ्याला हक्क नसतो का? मला दोन्ही बाजू दिसतात, आणि एकही सोडवत नाही.

मग मी स्वतःची समजूत घालतो ती बहिणाबाईंवरून. असोद्याची आपली बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी रचत गेल्या. १९५१ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ला. जिवंतपणी त्यांचं छापील काही हातात धरता आलं असतं का? नाही. म्हणून त्या गप्प होत्या का? अल्बम नाही म्हणजे गाणं नाही, असं निदान आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. ही बाई कुठल्यातरी स्वयंपाकघरात गिटार घेऊन बसत असेल, रोज बसत असेल.

पण ही समजूत टिकत नाही. बहिणाबाईंची गाणी आपल्याला मिळाली कारण त्यांचे चिरंजीव सोपानदेव होते आणि घरच्यांनी लिहून घेतली. जी लिहून घेतली नाहीत ती गेली. शेतातून घरी येईपर्यंत वाऱ्यावर गेली असतील, त्यांचा पत्ता कुणालाही लागणार नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या गाण्यावर मी समाधान मानणार नाही. मला ते रेकॉर्ड झालेलं हवंय.

आणि आशा धरायला माझ्याकडे कारण आहे. ११ जून १९८८, लंडनचं वेम्बली स्टेडियम, नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाची मैफल. तिची गाणी आधीच होऊन गेली होती. स्टीव्ही वंडर गाणार होते, पण त्यांच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना आणि त्या वेळी ते न गाताच निघून गेले. वेळ भरायला हिला पुन्हा पाठवलं, एकटीला, एका गिटारवर. जगाने तिला ओळखलं ते त्या दिवशी. ती स्वतःहून पुढे घुसणाऱ्यांतली नाहीच. बोलावलं की येते, आणि आली की सगळं थांबतं.

५ फेब्रुवारी २०२४च्या सकाळी तेच झालं. तिकडे ४ तारखेची संध्याकाळ, लॉस एंजेलिसला ग्रॅमी. इकडे मी मळ्यात, कटाई चालू, मजूर घड डोक्यावर घेऊन बाहेर आणतायत. धाकट्याने क्लिप पाठवली. किती वर्षांनी त्याच्याकडून गाण्याचं काही आलं होतं. मी बांधावर उभा राहून बघितलं. आधी बोटं दिसतात, गिटारवरची ती ओळखीची चाल, मग ती. केस पांढरे झालेले. लोक ओरडतात आणि ती हसते. त्या कॅसेटवरची मान खाली घातलेली मुलगी समोर बघून हसत होती. शेजारी कोम्ब्स उभा, तो तिच्याकडेच बघत सोबतीने शब्द म्हणतोय. कटाईच्या मुकादमाने येऊन विचारलं, "शेठ, बरं नाही का?" मी म्हटलं, गाडी थांबव थोडी.

क्लिपखाली धाकट्याने लिहिलं होतं, "आवाज तसाच आहे."

मी लगेच लिहिलं, "नाही. खाली उतरलाय. जड झालाय. म्हणून तर नवीन हवं."

तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. तो म्हणतो, तिला म्हणायचं होतं ते तिने म्हटलं, त्या गाण्यातली मुलगी शेवटी बरोबरच्याला सांगते की ठरव, जायचं की राहायचं, त्यापुढे काही नसतं. मी म्हणतो, सगळं त्यापुढेच असतं. तो गेला म्हणून त्याला तिथे संपलेलं दिसतं. २०२५ला पहिला अल्बम पुन्हा तबकडीवर निघाला, तेव्हा तो म्हणाला, बघ, तीसुद्धा तिथेच परतली. मी म्हटलं, घर आवरायला घेतलेलं माणूस आधी जुनं बाहेर काढतं, मग नवीन मांडतं. तो यावर काही बोलला नाही. आखाजीला येणार आहे. आईसमोर हा विषय आम्ही काढत नाही. तिने एकदा, फार पूर्वी, ते बिनवाद्याचं गाणं ऐकून विचारलं होतं, "काय म्हणते रे ही?" मी सांगितलं नव्हतं. धाकट्याचं म्हणणं, आता सांगावं. माझं मन होत नाही.

तर वाट पाहतो ती अशी. ती थांबवणार नाही. तुम्हाला विचारायचंच असेल तर तिच्या २००५च्या अल्बमबद्दल विचारा. त्यावर मी तासभर बोलेन, आणि त्याबद्दल मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.